ओठ बघा, मिशा मोजा: नदी, कायक आणि गळ
वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडले की पंचगंगा, भोगावती, कासारी, कुंभी यांचं रूप पालटतं. वाहती नदी राहत नाही, एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत लांबच लांब फुगवटा होतो. कायकवरून गळ टाकायला आपल्याकडे हाच खरा हंगाम. या वेळी आलेल्या पत्रांत निम्मे प्रश्न नावेचे आहेत आणि निम्मे "हा मासा कोणता?" असे. दोन्ही एकत्र घेतलेत, कारण कायकवर मासा ओळखायला एक हात आणि अर्धा मिनिट एवढंच मिळतं. नाव स्थिर नसेल तर मासा नीट बघताच येत नाही.

प्रश्न (कसबा बावडा): भोगावती आणि कासारीवर एकट्याला नेता येईल अशी कायक घ्यायची आहे. गाडीच्या टपावरून न्यावी लागेल. किती फुटी घ्यावी? हवेची चालेल का? माझं वजन 82 किलो आहे.

9 ते 10 फुटांची, वर बसायची म्हणजे 'सिट-ऑन-टॉप' कायक घ्या. पाय आत घालून बसायची कायक उलटली की तिच्यात पाणी भरतं, आणि नदीच्या मध्यावर ते उपसणं एकट्याचं काम नाही. वर बसायच्या कायकचा तळ बंद असतो. चढलेलं पाणी स्कपरच्या, म्हणजे बैठकीपासून तळापर्यंत आरपार असलेल्या भोकांतून खाली निथळतं आणि पाण्यातून पुन्हा वर चढता येतं. 12-13 फुटी कायक तलावावर सरळ आणि वेगात जाते हे खरं. पण दोन्ही काठांवरून करंज आणि वाळुंज पाण्यावर ओणवलेले असतात अशा ठिकाणी ती वळवताना अर्धं पात्र लागतं.

वजन पेलण्याचा हिशोब असा करा. तुमचे 82, जॅकेट आणि बूट यांचे 4, गळ, नांगर, पाणी, डबा, जाळी असं मिळून 12. झाले 98 किलो. कायकवर छापलेला आकडा ही शेवटची मर्यादा असते. तिथवर भार टाकला तर नाव तरंगेल, पण बसायची जागा ओली राहील आणि वळणावर ती जड होईल. भार त्या आकड्याच्या 70 टक्क्यांत बसवा. म्हणजे तुम्हाला निदान 140 किलोची कायक हवी. अशा कडक प्लॅस्टिकच्या कायकचं स्वतःचं वजन 22 ते 28 किलो असतं. टपावर चढवताना आधी पुढचं टोक टेकवायचं आणि मग मागून ढकलायचं, म्हणजे एकट्याला जमतं.

हवेची कायक 12-15 किलोत मिळते, घरात मावते आणि शांत पाण्यावर चांगली चालते. तिचे शत्रू मात्र आपल्या काठांवर भरपूर: बाभळीचा काटा, बंधाऱ्याखालचे फुटके दगड, चिलापीच्या पाठीचे काटे आणि आपलाच उघडा गळ. त्याहून नकळत होणारं नुकसान उन्हाचं. सकाळच्या गारव्यात ताठ भरलेली कायक दुपारी घाटाच्या तापल्या फरशीवर ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवण सुटते. पाण्याबाहेर काढल्या काढल्या थोडी हवा सोडायची आणि पुन्हा उतरताना पंपानं भरायची. वल्हं दोन्हीसाठी 230 सेंटिमीटरच्या आसपासचं घ्या. याहून आखूड असेल तर बोटं कडेला घासतात आणि मांडीवर पाणी गळत राहतं.

काहिलीतून, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतून, नदी ओलांडायची ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. काहिलीत आपण तळाशी बसतो, म्हणून ती गरगरली तरी सहसा कलंडत नाही. कायकमध्ये बैठक पाण्याच्या वर असते. उभं राहणं, वाकून मागचं सामान घेणं, एका कडेवर रेलणं या तिन्ही गोष्टी इथं चालत नाहीत. लागणारं सगळं गुडघ्यांच्या पुढे, हाताच्या टप्प्यात मांडा.

प्रश्न (वडणगे): डोहाच्या तोंडाशी थोडी ओढ होती तिथं नांगर टाकला. दोर बसल्या जागी उजव्या कडीला बांधला होता. कायक आडवी झाली, वरच्या अंगानं पाणी चढलं आणि सगळं सामान नदीत गेलं. नांगर हलका पडला का?

नाही. नांगर हलका असता तर तो घसरला असता आणि कायक तरली असती. तुमचा नांगर पक्का बसला, चूक दोर बांधायच्या जागेत झाली.

वाहत्या पाण्यात नाव मधोमध बांधली की ती प्रवाहाला आडवी होते. पाणी तिच्या सगळ्या लांबीवर रेटतं. दोर वरची कड खाली ओढतो, पाणी त्याच कडेवर चढतं आणि चढलेल्या पाण्याच्या वजनानं ती आणखी खाली जाते. हे सगळं काही सेकंदांत होतं. ओढ अंगाला जाणवण्याइतकी नसली तरी होतं, म्हणूनच माणूस फसतो.

नांगराचा दोर पुढच्या किंवा मागच्या टोकालाच हवा. पण बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही. त्यासाठी कडेनं टोकापासून टोकापर्यंत दोन छोट्या कप्प्यांवरून एक दोरी फिरवतात आणि तिच्यात एक कडी अडकवतात. ही 'अँकर ट्रॉली'. नांगर हाताशी सोडायचा, दोर कडीतून घ्यायचा आणि फिरती दोरी ओढून कडी टोकाला न्यायची. नाव आपोआप प्रवाहाला सरळ होते. हा सगळा सरंजाम दोन कप्प्या, 7-8 मीटर दोरी आणि एक कडी एवढ्यात घरी बसवता येतो.

नांगर दीड किलोचा, घडीचा, चार आकड्यांचा पुरे. दोर मात्र लांब सोडा. दोन मीटर पाणी असेल तर ओढीत 10 ते 12 मीटर. दोर आखूड असला की नांगर आडवा ओढला न जाता वर उचलला जातो आणि सुटतो. आपल्या नद्यांच्या तळाला खडक आणि पुरात वाहून आलेल्या फांद्या असतात, त्यामुळे नांगर अडकणं नेहमीचं. त्यावर उपाय असा: दोर नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खाली, आकडे जिथं एकत्र येतात तिथं बांधा. तिथून तो दांड्याबरोबर वर आणून वरच्या कडीला साध्या सुतळीच्या दोन वेढ्यांनी जखडा. एरवी ओढ कडीवर पडते. नांगर अडकला की जोर लावायचा, सुतळी तुटते आणि नांगर उलटा, शेपटीकडून निघून येतो.

दोराचं शेवटचं टोक नावेला गाठ मारून कधीही बांधू नका. खाचेत अडकवा आणि टोकाला एक तरंगणारा गोळा लावा. वेळ आलीच तर दोर सोडून निघता येतं आणि नांगर नंतर मिळतो. सुरी जॅकेटवर, छातीपाशी हवी. सामानाच्या डब्यातली सुरी अशा वेळी उपयोगाची नाही.

नांगर टाकावा की नाही हे ठरवायला सोपी कसोटी आहे. प्रवाहाकडे तोंड करून सावकाश वल्हवत एका जागी थांबता येतं का बघा. दमछाक होत असेल तर तिथं नांगर टाकायचाच नाही. काठाच्या गाळात मीटरभर पाणी असेल तर जाड बांबूची काठी खुपसून नाव तिला टेकवणं नांगरापेक्षा बरं. आवाज होत नाही, मासे उठत नाहीत.

प्रश्न (इचलकरंजी): एकाच दिवशी तीन मासे लागले. एक लालसर, एक रुपेरी, एक जवळजवळ काळा. बाजारात तिघांनाही 'रोहू' म्हणाले. तिन्ही रोहूच का?

बहुधा तिन्ही वेगळे. रंगावर मात्र काहीच ठरवू नका. एकच मासा गढूळ पाण्यात फिका आणि पाणवनस्पतींच्या सावलीत गडद होतो. विणीच्या दिवसांत रंग बदलतो, गळाला लागून दमला की तेव्हाही. न बदलणाऱ्या खुणा तीन: ओठ, मिशा आणि पाठीचा पर. त्याच क्रमानं बघा.

मासा नावेत घेऊ नका. जाळी पाण्यातच ठेवून मासा जाळीत आडवा करा, हात ओला करा आणि फक्त डोकं पाण्याबाहेर उचला. आधी तोंड.

रोहूचं तोंड लहान आणि खालच्या बाजूला वळलेलं. ओठ जाड, आणि खालच्या ओठाच्या कडेला बारीक झालर. बोट फिरवलं की टॉवेलच्या कडेसारखी खरखर लागते. मृगळाच्या ओठाला झालर नसते. तोंड रुंद, आडवं चिरल्यासारखं, नाकाड बोथट आणि खालचा ओठ जवळजवळ नसल्यासारखा. कटल्याचं डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं आणि तोंड वर उघडणारं, कारण तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. तिघांची तोंडं आपापल्या चरण्याच्या जागेकडे बघतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी गोंधळ बराच कमी होतो.

मग मिशा. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. कटल्याला मिशा नाहीत. रोहूला सहसा एक जोडी असते, पण ती तोंडाच्या कोपऱ्यातल्या खाचेत दडलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. नखानं खाच उघडल्याशिवाय दिसत नाही आणि लोक "मिशा नाहीत" असं लिहून पाठवतात. मृगळाची जोडी नाकाडाजवळ, तीही आखूड. तुमचा काळा मासा असेल त्याला दोन जोड्या, म्हणजे चार ठळक मिशा आहेत का बघा. चार मिशा, झालरीचे ओठ आणि काळपट अंग असेल तर ती कानशी, रोहूची भावकी पण वेगळी जात. लालसर माशाला चार मिशा आणि झालर असेल, आणि पाठीचा पर रोहूपेक्षा लांब पसरलेला असेल, तर तो तांबीर असण्याचा संभव मोठा. रोहूच्या पाठीच्या परात 12 ते 14 फांदीदार (टोकाला फाटे फुटलेले) काटे, तांबीरात 16 ते 18. पर फक्त बोटांनी उभा धरा आणि फोटो काढा. मोजणी घरी बसून करा, नदीवर नको.

चार मिशा आणि लांब पर सायप्रिनसलाही (कॉमन कार्प) असतो. पण त्याच्या पाठीच्या परातला पहिला मोठा काटा कडक असतो आणि त्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दात असतात. बोट शेपटीकडून डोक्याकडे हळूच नेलं की लगेच कळतं. रोहू आणि त्याच्या भावकीत असा काटा नाही. गवत्या (ग्रास कार्प) लांबून मृगळासारखा वाटतो. त्याला मिशा नाहीत, डोकं वरून चपटं, पाठीचा पर अगदी आखूड आणि खवल्यांच्या कडा गडद, त्यामुळे अंगावर जाळी काढल्यासारखी दिसते.

एवढी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारेल. रोहू, कटला, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे बीज सोडून आणलेले. त्यांचं बीज दर वर्षी तलावांत पडतं. तांबीर, कोळस, खडशी हे कृष्णेच्या खोऱ्यातले घरचे मासे, त्यांचं बीज सहसा कुणी आणून टाकत नाही. कर्नल साइक्सनं 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली तेव्हा इथल्याच बोलीतली नावं उचलली. म्हणून आजही जगभर कोळशाचं शास्त्रीय नाव 'कोलस', खडशीचं 'खुद्री' आणि शिंगाळ्याचं 'सींघाला' आहे. घरचा मासा ओळखू आला तर तो परत सोडायचा की न्यायचा हे निदान समजून ठरवता येतं. आमचं मत विचाराल तर सोडा.

खडशी आणि कोळस यांतला फरकही याच पत्रात विचारलाय. खडशीचे खवले फार मोठे, बाजूच्या रेघेवर जेमतेम 25 ते 27. कोळशाचे खवले त्या मानानं लहान, 40 च्या घरात. खडशीला चार मिशा, कोळशाला दोन.

प्रश्न (कळे): मरळ आणि डोक यांत फरक काय? लहान मरळालाच डोक म्हणतात का?

नाही, डोक ही वेगळी जात आहे आणि ती साधारण वीतभरच राहते. तिच्या पाठीच्या आणि शेपटीच्या पराला नारिंगी किंवा लालसर कड असते, छातीच्या परावर आडवे पट्टे असतात. घाटाखालच्या ओढ्यांत, भाताच्या खाचरांत आणि दगडांच्या कपारीत ती सापडते.

मरळही आपल्याकडे दोन प्रकारचे. एकाच्या कुशीवरून पोटाकडे तिरके काळे पट्टे उतरतात आणि पोट फिकं असतं. दुसरा जास्त वाढणारा. लहानपणी त्याच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला काळा डोळा आणि भोवती नारिंगी कडं असतं. वय वाढेल तसा हा डोळा पुसट होतो, म्हणून मोठ्या माशात तो शोधत बसू नका. पाठीच्या परातले काटे मोजा. डोक 32 ते 37, पट्ट्यांचा मरळ साधारण 38 ते 43, मोठा मरळ 45 च्या पुढे.

मरळ हवा घेणारा मासा आहे. पकडलेला मरळ जाळीच्या पिशवीत घालून पूर्ण बुडवून ठेवला तर तो पाण्यातच गुदमरतो. तोंड वर काढता येईल असा ठेवा.

पावसाच्या सुरुवातीला काठच्या गवतात लालसर पिल्लांचा झुबका पाण्यावर लवलवताना दिसतो. पट्ट्यांच्या मरळाची ती पिल्लं. आईबाप खालीच राखणीला असतात आणि समोरून काहीही गेलं तरी झडप घालतात. तिथं गळ टाकला तर मासा हमखास लागतो, म्हणूनच टाकू नये. राखण गेली की तासाभरात इतर मासे पिल्लं साफ करतात. डोकीचा नर तर अंडी तोंडात धरून वाढवतो. गळा फुगलेली डोक लागली तर गळ कापून तिला तिथल्या तिथं सोडा.

प्रश्न (शिरोळ): बंधाऱ्याच्या खाली पाणी खळाळतं तिथं मासे खूप असतात. कायक किती जवळ नेता येईल?

नेऊच नका. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना निदान 50 मीटर अंतर ठेवा.

खालच्या बाजूला, वरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं, भिंतीकडे वाहतं. दिसायला तो फेसाळ, शांत पट्टा असतो. त्यात शिरलेली नाव भिंतीकडे ओढली जाते, पडत्या धारेखाली उलटते आणि माणूस तिथंच गोल फिरत राहतो. लाइफ जॅकेट घातलेलाही. फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे जॅकेट नेहमीइतकं उचलून धरत नाही.

वरच्या बाजूचा धोका कमी लोकांना माहीत असतो. बरग्यांच्या रांगेत एखादी फळी निघालेली किंवा तुटलेली असली की त्या फटीतून पाणी जोरानं खेचलं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. कायक तिथं चिकटते. माणूस पाण्यात असेल तर त्याचे पाय आत ओढले जातात.

राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे आकडे पुराचे आहेत. कायकवाल्यानं त्यांवर विसंबू नये, नदी त्याच्या कितीतरी आधी आपल्यासाठी बंद होते. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एकेकातून 1428 घनफूट म्हणजे सुमारे 40 हजार लिटर पाणी दर सेकंदाला भोगावतीत येतं. जून ते सप्टेंबर कायक घरीच ठेवा. पुढेही, आवर्तन सुटल्यावर पाणी चढतं. उतरताना काठावर पाण्याच्या रेघेत काडी रोवा आणि अर्ध्या तासानं तिच्याकडे बघा. चार बोटं बुडाली असेल तर काठाला या.

शिरोळ भागात आणि कृष्णा-वारणेत मगरी आहेत. आधी पाणवठ्यावरच्या माणसांना विचारा. मासे साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, आणि पकडलेले मासे नावेला बांधून पाण्यात सोडू नका.

प्रश्न (हुपरी): मिशांचा मासा गळावरून सोडवताना छातीच्या परातला काटा हातात घुसला. हात खांद्यापर्यंत ठणकला. काय करावं? आणि हा मासा कोणता?

आधी हात. जखम धुवा, काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर काढा आणि हात सोसवेल तितक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. काट्यावरचं विष उष्णतेनं निकामी होतं आणि ठणका उतरतो. पाण्याचा अंदाज चांगल्या हातानं घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. नदीवर गरम पाणी कुठलं, तर थर्मासमध्ये चहाऐवजी पाणी न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर घ्या. काटा खोल राहिला असेल किंवा सूज वाढत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मासा. अंग लांब, पाठीवर अगदी छोटा पर आणि पोटाखालचा पर लांबच लांब असेल तर ती शिंगी. तिचा काटा सगळ्यात जास्त झोंबतो. मांगूर तसाच दिसतो, पण त्याच्या पाठीचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळ पोचतो. पाठीवर मागच्या बाजूला मांसल, बिनकाट्याचा दुसरा पर आणि त्याच्या शेवटी काळा ठिपका असेल तर शिंगाळा. शिवड्याचं तोंड डोळ्याच्याही मागे फाकतं, आत दातांची कानस असते, आणि मांसल पर नसतो. शिवड्याच्याच घडणीचा एक छोटा मासा मिळतो. त्याचं तोंड डोळ्यापर्यंत पोचत नाही आणि खांद्यापाशी काळा ठिपका असतो. त्याला शिवड्याचं पिल्लू समजू नका.

मांगुराबद्दल एक सूचना. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. तरी तो नद्यांत पोचलाय. हातभर लांबीचा मांगूर लागला तर जिवंत घरी नेऊन विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका.

प्रश्न (उचगाव): मोठा मासा लागला की कायकच फिरते आणि दोरी तुटते.

कायक फिरते हे चांगलं आहे. ती माशामागे थोडी गेली की दोरीवरचा झटका कमी होतो. तुटते ती ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट असल्यामुळे. 12 पौंडाची दोरी म्हणजे सुमारे 5.4 किलो. ड्रॅग त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 1.3 ते 1.8 किलोवर लावा. घरी दोरी ताणकाट्याला बांधून रॉड वाकवा आणि रील किती किलोला सुटतं ते बघा. बोटांचा अंदाज नेहमी जास्तीचा लागतो. रॉड साडेसहा ते सात फुटी हवा, म्हणजे मासा नावेखालून पलीकडे गेला तर रॉडचं टोक पुढच्या टोकावरून फिरवून घेता येतं. तेवढी लांबी नसेल तर दोरी तळाला घासून तुटते.

प्रश्न (आजरा): हिरण्यकेशीत बोटाएवढे पट्ट्यांचे मासे दिसतात. आमिष म्हणून वापरावेत का?

नको. त्या मुऱ्यांपैकी एक जात हिरण्यकेशीच्याच नावानं 2020 मध्ये जगासमोर आली. आंबोलीला नदीच्या उगमाजवळची तिची जागा 2021 मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटभर मुऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं जाणत्यालाही भिंगाशिवाय जमत नाही. आमिषाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा पुरतो.

प्रश्न (रुकडी): उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. तेव्हा सहज मिळतात. खायला चालतील का?

चालणार नाहीत, आणि तेव्हा गळही टाकू नका. पाण्यातला प्राणवायू संपल्याची ती खूण आहे. पाणी कमी, केंदाळ दाट आणि वरून सांडपाणी किंवा मळी आली की रात्रीत प्राणवायू उतरतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. आधी रोहू-मृगळ वर येतात. मरळ आणि मांगूर हवा घेत असल्यामुळे टिकतात, म्हणून नुसते मरळ दिसताहेत याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा नाही. अशा वेळी पाण्याचा रंग, वास, जागा आणि वेळ लिहून फोटोसह ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या दिवशी पाणी पुढे गेलेलं असतं आणि नमुन्यात काही सापडत नाही.

ओळखीसाठी फोटो पाठवणाऱ्यांना

हातात उंच धरलेल्या माशाच्या फोटोवरून फार कमी कळतं. ओल्या फडक्यावर मासा डावीकडे तोंड करून ठेवा, पाठीचा पर बोटानं उभा करा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. दुसरा फोटो तोंडाचा, खालच्या बाजूनं, ओठ आणि मिशा दिसतील असा. चिलापी असेल तर शेपटीचा पर पसरून तिसरा फोटो घ्या. शेपटीवर उभ्या पट्ट्यांच्या रांगा असतील तर ती नाईलची. पट्टे नसतील तर बहुधा 1952 मध्ये भारतात आणलेली मोझांबिकची. मासा पाण्याबाहेर जेवढा वेळ असेल तेवढा तुम्हीही श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्याला पाण्यात सोडायचं.